'जलाश्व'च्या बहिणी

११ जुलै २०२४. हवाई बेटांमधल्या कौआई बेटाच्या उत्तरेला, भर समुद्रात, अमेरिकी नौदलाने आपलीच एक जुनी नौका लक्ष्य म्हणून उभी केली आणि मारा करून बुडवली. तिचं नाव 'डुब्यूक'. आठवडाभराने, १९ जुलैला, तिच्या दुपटीहून मोठी 'तारावा' तशीच तळाला गेली. 'रिम्पॅक' या बहुराष्ट्रीय सरावाचा तो भाग होता, आणि त्या वर्षी सरावाला आपली 'शिवालिक' गेली होती. २०२२च्या रिम्पॅकमध्ये 'डेन्व्हर' बुडवली, तेव्हा आपल्याकडून 'सातपुडा' गेली होती. २०१४ साली 'ऑग्डेन' बुडवली, तेव्हा 'सह्याद्री'. आपल्या या तिन्ही नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या.

डुब्यूक, डेन्व्हर आणि ऑग्डेन या सख्ख्या बहिणी, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या. अमेरिकेच्या 'ऑस्टिन' वर्गात एकूण बारा नौका होत्या, त्यांपैकी या तीन. अकरावी होती 'ट्रेंटन'. ती आज 'आयएनएस जलाश्व' या नावाने विशाखापट्टणमच्या पूर्व नौदल विभागात काम करते. बारावी 'पाँस' अमेरिकेने २०१७ साली निवृत्त केली. एवढ्या मोठ्या कुटुंबातली चालती नौका आता एकच उरली आहे, आणि ती आपल्याकडे आहे.

आपल्या संरक्षणचर्चेत न येणारा एक विषय मला या गोष्टीच्या निमित्ताने मांडायचा आहे. जहाज किती टनांचं, किती वेगाचं, त्यावर किती हेलिकॉप्टरं उतरतात, हे वर्तमानपत्रांत छापून येतं. त्याचे सुटे भाग कुठून येणार आणि किती वर्षं येणार, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की सैन्य वाहून नेणारी नवी मोठी जहाजं आपण घेऊ, तेव्हा सुट्या भागांचा, आराखड्यांचा आणि ते भाग देशात बनवण्याच्या हक्काचा करार जहाजाच्या कराराइतकाच पक्का झाला पाहिजे. तो पक्का होत नसेल तर जहाजाच्या करारावर सही करू नये.

ट्रेंटनची कुळकथा सांगितल्याशिवाय हे पटणार नाही. सिअ‍ॅटलच्या लॉकहीड गोदीत ती बांधली आणि ६ मार्च १९७१ रोजी अमेरिकी नौदलात आली. लांबी सुमारे १७३ मीटर, भार १७ हजार टनांच्या आसपास. अशा नौकेच्या पोटात मागच्या बाजूला एक मोठी हौदासारखी जागा असते. टाक्यांत पाणी भरून जहाज मुद्दाम खाली बसवायचं, मागचा दरवाजा उघडायचा, समुद्र आत घ्यायचा आणि रणगाडे, ट्रक, जवान लादलेले तराफे तिथून थेट किनाऱ्याकडे सोडायचे. बंदर नसलं, धक्का मोडलेला असला, तरी काम अडत नाही. म्हणूनच हे जहाज लढाईइतकंच आपत्तीतही कामाला येतं. १९९१च्या जानेवारीत सोमालियात मोगादिशूच्या अमेरिकी दूतावासात अडकलेल्यांना सोडवायला पहिली हेलिकॉप्टरं उडाली ती याच ट्रेंटनवरून, ४६६ सागरी मैलांवरून. २००६ साली लेबनॉनमधून अमेरिकी नागरिकांना बाहेर काढायलाही ती होती.

२६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारपर्यंत मदत पोचवताना अशा जहाजाची उणीव आपल्याला बोचली. जानेवारी २००७ मध्ये ट्रेंटन ताब्यात आली आणि २२ जून २००७ रोजी अमेरिकेतल्या नॉरफोकला ती 'जलाश्व' म्हणून भारतीय नौदलात दाखल झाली. किंमत सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलर. आकाराने ती तेव्हा 'विराट'नंतरची आपली सर्वांत मोठी युद्धनौका होती.

तेव्हा तिचं वय छत्तीस वर्षांचं होतं. जिथे ती बांधली ती सिअ‍ॅटलची गोदी १९८०च्या दशकाअखेरीसच बंद पडली होती. 'कॅग'ने २००८च्या अहवालात या व्यवहारावर बोट ठेवलं. जहाजाची प्रत्यक्ष स्थिती पुरेशी न तपासता ते घेतलं, आणि वापरावर अमेरिकेच्या अटीही स्वीकारल्या, असा त्या टीकेचा रोख होता. चर्चा मुख्यतः अटींवर झाली. मला त्या अटींपेक्षा बंद पडलेली गोदी जास्त काळजीची वाटते.

जलाश्व वाफेवर चालते. वाफेवरचं जहाज म्हणजे काय, हे ज्यांनी बॉयलर रूम पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉयलरमध्ये शेकडो नळ्या, भट्टीला उष्णता सोसणाऱ्या विटांचं अस्तर, तेल फवारणारे बर्नर, हवा कोंबणारे ब्लोअर, पाणी ढकलणारे फीड पंप. दर चौरस इंचाला सहाशे पौंडांच्या आसपास दाबाची वाफ टर्बाइनकडे जाते, तिथून कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होऊन परत येते. कंडेन्सर थंड ठेवायला समुद्राचं पाणी. त्याच्या एका नळीला बारीक भोक पडलं तरी खारं पाणी बॉयलरच्या शुद्ध पाण्यात मिसळतं आणि आतला धातू खायला लागतं. या साखळीत असंख्य व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक सांध्यावर गॅस्केट. यातली बरीच वस्तू अशी की ती झिजणारच, बदलावीच लागणार. आणि बदलताना आकार जुळला म्हणजे भागलं, असं होत नाही.

याचा सर्वांत जीवघेणा दाखला अशाच एका जहाजावरचा आहे. ३० ऑक्टोबर १९९० रोजी बहारीनमध्ये 'इवो जिमा' हे अमेरिकेचं हेलिकॉप्टरवाहू उभयचर (म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवणारं) जहाज दुरुस्ती आटोपून निघत होतं. (त्याच नावाचं नवं जहाज पुढे २००१ साली आलं, ते वेगळं.) वाफेच्या एका मोठ्या व्हॉल्व्हचं नुकतंच काम झालेलं होतं. त्याचं झाकण ज्या नटांनी आवळलं होतं ते पोलादाचे असायला हवे होते. लावले गेले ते पितळेचे. वरून काळा मुलामा असल्यामुळे ते पोलादासारखे दिसत होते. वाफेच्या उष्णतेत पितळ मऊ पडलं, झाकण उडालं, बॉयलर रूम वाफेने भरली आणि दहा खलाशी मेले. तोफ नाही, क्षेपणास्त्र नाही. मुठीत मावतील एवढे नट.

ही घटना वाचल्यापासून 'स्पेअर' या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. नटाचा आकार कोणीही लेथवर काढून देईल. धातू कोणता, कोणत्या भट्टीतून आला, कोणी तपासला, कोणी सही केली, हा त्या भागाचाच अर्धा हिस्सा असतो. मूळ उत्पादक जिवंत असतो तोवर तो हिस्सा आपोआप मिळतो. तो गेला की प्रत्येक व्हॉल्व्ह हा एक छोटा संशोधन प्रकल्प होतो: जुना भाग मोजायचा, धातूची चाचणी करायची, नवा आराखडा काढायचा, दहा-वीस नगांसाठी ओतकाम करायला तयार होणारा कारखानदार शोधायचा, मग प्रमाणपत्र. आपल्या गोद्यांतले कारागीर आणि अभियंते हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण एका नौकेसाठी, जगात जोड नसलेल्या, हे किती दिवस करायला लावायचं?

कोणी म्हणेल, आपण गरीब देश, जुनं जहाज घेतलं म्हणून ही वेळ आली. श्रीमंतांना हा प्रश्न पडत नाही. अमेरिकेकडेच बघा.

तारावाच्या पुढची पिढी म्हणजे 'वास्प' वर्ग. आठ जहाजं, पहिलं १९८९चं, शेवटचं 'मॅकिन आयलंड' २००९चं. प्रत्येकाचा भार ४० हजार टनांच्या वर, विमानवाहू नौकांच्या तोडीचा. आठांपैकी पहिली सात वाफेवरची. फक्त मॅकिन आयलंडला गॅस टर्बाइन. बाकीचं अमेरिकी नौदल वाफ सोडून पुढे निघून गेलं. अणुशक्तीवरची जहाजं सोडली तर तेल जाळून वाफ करणारी मोजकीच उरली, आणि मोजक्या जहाजांसाठी फीड पंप बनवत बसायला कोणता कारखाना तयार होईल? हळूहळू भाग मिळेनासे होतात, आणि त्यांच्यासोबत ते भाग ओळखणारी माणसंही.

या वर्गातलं 'बॉक्सर' लांबलेल्या दुरुस्त्या आणि इंजिनखोलीतल्या अडचणी यांनी आधीच उशिरा झालेलं, १ एप्रिल २०२४ला सॅन डिएगोहून निघालं आणि दहा-अकरा दिवसांत सुकाणूच्या बिघाडामुळे परत आलं. पुन्हा निघायला जुलै उजाडला. तिच्याच गटातली 'सॉमरसेट' वाट न बघता जानेवारीतच एकटी पुढे गेली होती. मार्चमध्ये ती कुठे होती? विशाखापट्टणमला, 'टायगर ट्रायम्फ' सरावात, आपल्या जलाश्वसोबत. २०१४ सालची डिझेलवरची नौका आणि १९७१ची वाफेवरची, दोघी एका किनाऱ्यावर. गटातली मोठी 'बॉक्सर' मात्र घरी अडकलेली.

अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था म्हणजे 'गाओ'. तिने २०२३च्या जानेवारीत दहा वर्गांच्या जहाजांचा २०११ ते २०२१ या काळाचा हिशेब मांडला. दुरुस्तीची रखडपट्टी वाढलेली, गंभीर बिघाडांचे अहवाल वाढलेले आणि एका जहाजाचे भाग काढून दुसऱ्याला लावण्याचं प्रमाणही वाढलेलं. डिसेंबर २०२४च्या दुसऱ्या अहवालात तर उभयचर ताफ्यातल्या ३२ पैकी निम्म्या जहाजांची अवस्था वाईट असल्याचं म्हटलं. अशी किमान ३१ जहाजं असलीच पाहिजेत, असा तिथे कायदा आहे. कायद्याने मोजलेली जहाजं कागदावर भरली, निघायची वेळ आली तेव्हा निम्मी आजारी. २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा समुद्रमार्गे मदतीला पाठवायला जवळ जहाजच नव्हतं, ही खंत मरीन दलाच्या प्रमुखांनी संसदेपुढे उघड बोलून दाखवली. ढिगाऱ्याखालच्या माणसांना व्हॉल्व्हची अडचण काय सांगणार?

आणि 'बोनोम रिशार'. २००५च्या जानेवारीत त्सुनामीनंतर सुमात्राच्या किनाऱ्यावर मदत पोचवणारं हे वास्प वर्गातलं जहाज. १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगोला दुरुस्ती चालू असतानाच त्याला आग लागली आणि ती चार दिवस धुमसली. दुरुस्तीला २.५ ते ३.२ अब्ज डॉलर आणि पाच ते सात वर्षं लागतील असा अंदाज निघाला, म्हणून ते मोडीत काढलं. भंगाराला ३६ लाख ६० हजार डॉलर मिळाले. मोडण्यापूर्वी उपयोगी भाग काढून ठेवायला अर्थातच ते खरवडलं, कारण बहिणींना दुसरं कोठार नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागे विटांवर चढवलेली एक गाडी असते, तिचे भाग उतरवून बाकीच्या गाड्या रस्त्यावर ठेवतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत नौदलावर तीच वेळ आली.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. जलाश्व घेतली हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. १० मे २०२० रोजी ती मालदीवमधून ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला आली. त्यांत १९ गर्भवती होत्या. नेहमीची विमानं बंद होती, महामारीची भीती होती आणि त्या बायकांना घरी यायचं होतं. २०११ साली लिबियातल्या भारतीयांसाठी ती निघाली होती. मोठं उभयचर जहाज चालवायचं कसं, हे आपल्या नौदलाची एक अख्खी पिढी तिच्यावर शिकली. नव्या जहाजाच्या तुलनेत ती किंमत नगण्यच. पण ते सगळं मान्य करूनही ती स्वस्तात पडली, असं म्हणता येत नाही. जे पैसे विकत घेताना वाचतात ते पुढे दर रिफिटमध्ये (मोठ्या दुरुस्तीत), दर अडलेल्या महिन्यात आणि माणसांच्या जिवावर बेतणाऱ्या क्षणी मोजावे लागतात. २००८च्या फेब्रुवारीत याच जलाश्ववर विषारी वायूच्या गळतीने आपले नौसैनिक गेले. ती घटना सुट्या भागांमुळे घडली असा माझा दावा नाही. जुन्या जहाजाच्या पोटात काम करणं किती कठीण असतं, एवढंच तिने दाखवलं.

हा धडा आपण एकदाच शिकलो असं नाही. गोव्यात दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावर ब्रिटिश बनावटीची सी हॅरियर लढाऊ विमानं होती. ब्रिटिशांनी आपली सी हॅरियर २००६ सालीच निवृत्त केली. आपण दहा वर्षं ओढली, एकेक विमान कमी होत गेलं आणि ११ मे २०१६ रोजी त्यांना निरोप दिला. माझगावला बांधलेल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांची गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या 'झोर्या-माशप्रोयेक्त' कारखान्यातली आहेत. सगळं नवंकोरं. पण २०२२ साली ते शहर युद्धाच्या तोंडी गेलं आणि कारखान्यावरही बॉम्ब पडले. उत्पादक संपायला त्याचं दिवाळं निघावंच लागतं असं नाही. तो फक्त दुसऱ्याच्या हद्दीत असला तरी पुरतं.

उलट, 'शार्दूल', 'केसरी' आणि 'ऐरावत' या आपल्याच, सैन्य उतरवणाऱ्या छोट्या जहाजांकडे बघा. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली. इंजिनं किर्लोस्करची, परदेशी परवान्यावर बनवलेली; कंपनी पुण्याची. तिथे भाग अडला तर माणूस पुण्याला जातो. एप्रिल २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने याच कंपनीला सहा मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन देशातच विकसित करायला मंजुरी दिली, खर्च २७० कोटी, त्यातले सत्तर टक्के सरकारचे. विमानवाहू नौकेची बातमी पहिल्या पानावर येते आणि ही आतल्या पानावर, पण पुढची तीस वर्षं कोणत्या बातमीवर अवलंबून असतील याबद्दल मला शंका नाही. 'बियास' या वाफेवरच्या फ्रिगेटला डिझेल इंजिन बसवण्याचा ३१३ कोटींचा करार २०२३ साली कोचीन शिपयार्डशी झाला. वाफेला मागे सोडायचं हे नौदलाने स्वतःच ठरवलं आहे. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागेल. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त बॉयलर शिकून बाहेर पडणाऱ्यांना काम देणारी जहाजं वर्षागणिक कमी होणार, आणि जलाश्वच्या भट्टीपुढे उभं राहणारे अनुभवी हात तिच्या आधी निवृत्त होतील.

मोठ्या उभयचर जहाजांसाठी आपण २०१३ साली निविदा काढल्या, चार जहाजांच्या. सात वर्षं घोळ घालून २०२०ला त्या रद्द केल्या. २०२१ साली पुन्हा विचारणा. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षण खरेदी परिषदेने सुमारे ७९ हजार कोटींच्या प्रस्तावांना तत्त्वतः मान्यता दिली, त्यात ही जहाजं आहेत. आता करार लिहायची वेळ येईल. माझी मागणी त्याच टेबलासाठी आहे.

नौदलाच्या भाषेत सुट्या भागांचे दोन ढीग असतात. एक जहाजावरचा, दुसरा 'बेस अँड डेपो', म्हणजे किनाऱ्यावरच्या भांडारातला. मुंबईत घाटकोपरला असं एक मोठं भांडार आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरून रोज हजारो लोक त्याच्या भिंतीजवळून जातात. खरेदीची रक्कम फुगली की कात्री आधी या दुसऱ्या ढिगावर चालते, कारण त्याचा फोटो निघत नाही. डिसेंबरात नौदल सप्ताहात मुलांना जहाजं दाखवतात, तेव्हा भांडाराकडे कोणी नेत नाही. तेही समजू शकतं. पण संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने तरी तिकडे जावं. या ढिगाची रक्कम करारात वेगळी लिहावी, ती दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये, आणि दरवर्षी किती भाग मागितले, किती मिळाले, किती दुसऱ्या जहाजावरून काढले, याचा हिशेब समितीपुढे यावा. आकडे गोपनीय ठेवायचे असतील तर बंद दाराआड यावा, पण यावा. अमेरिकेची दुर्दशा आपल्याला ठाऊक आहे ती त्यांच्याकडे हा हिशेब कोणीतरी जाहीरपणे मांडतं म्हणून.

आराखड्यांबाबत मी अधिक आग्रही आहे. परदेशी भागीदार रचना देणार, बांधणी इथे होणार, हे ठीक. पण पंप, व्हॉल्व्ह, मागच्या दरवाजाची हायड्रॉलिक यंत्रणा, पाणी भरण्या-उपसण्याची व्यवस्था यांचे पूर्ण आराखडे, धातूंचे तपशील आणि ते भाग भारतात कोणाकडूनही बनवून घेण्याचा हक्क हे सहीच्या दिवशी हातात पडलं पाहिजे. 'पुढे बोलू' या दोन शब्दांवर तीस वर्षं काढता येत नाहीत. यासाठी किंमत वाढेल, वाढू द्यावी. हे जहाज एकटंदुकटं घेऊ नये, हेही तितकंच. चार एकसारखी घेतली तर कोल्हापूरच्या फाउंड्रीला चाळीस व्हॉल्व्हची ऑर्डर देता येते. एक घेतलं तर दहाच्या ऑर्डरसाठी विनवण्या कराव्या लागतात. ऑस्टिन वर्ग बारा जहाजांचा होता म्हणूनच ट्रेंटन छत्तीस वर्षं टिकून आपल्यापर्यंत पोचली.

जलाश्वचं काय करायचं? ती आज ना उद्या थांबेल. तिची टर्बाइनं नव्या जहाजाला लागणार नाहीत, बॉयलर भंगारातच जातील. तिच्या इंजिनखोलीतल्या नोंदवह्या मात्र जपायला हव्यात. २००७पासून कोणता पंप कितीदा बंद पडला, कोणता भाग किती महिने आला नाही, कोणत्या गोदीतल्या कोणत्या कारागिराने तो इथेच घडवून दिला आणि तो किती टिकला, हे सगळं त्यांत आहे. नव्या जहाजांच्या कराराचा मसुदा लिहायला बसणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्या वह्या आधी ठेवाव्यात, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना शेजारी खुर्च्या द्याव्यात.